एकाच कागदावर दोन्हीकडच्या सह्या

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. निवेदनं टाइप करणं हे रोजचं काम. रोहित्र जळालंय, बदलून द्या. पीकविम्याची रक्कम मिळाली नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करा. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ इथपर्यंत बोटं न बघता जातात. पण २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही काही जण एक निवेदन लिहायला बसलो, तेव्हा ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहायचं यातच अख्खी संध्याकाळ गेली.

आमच्या आमदारांनी बाजू बदलली होती. निवडणुकीत ज्यांच्या नावाने मतं मागितली, त्यांना सोडून ते दुसरीकडे जाऊन बसले होते. आम्हाला त्यांना एकच विचारायचं होतं, आम्ही दिलेल्या कौलाचं तुम्ही काय केलंत?

ते कुठून कुठे गेले, जून २०२२ मध्ये गेले की जुलै २०२३ मध्ये, हे मी इथे लिहिणार नाही. निवेदनातही ते लिहिलं नव्हतं. त्यावरून आमच्यात बरीच खडाजंगी झाली, पण जे काही पुढे जमलं ते या एका गोष्टीमुळे जमलं, असं माझं ठाम मत आहे.

कारण त्या पाच वर्षांत न दुखावलेला मतदार महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. २०१९ मध्ये भाजप १०५ आणि शिवसेना ५६ अशा जागा युती म्हणून निवडून आल्या. २८८ च्या सभागृहात बहुमत स्पष्ट होतं. तरी महिन्याभरात युती तुटली. २३ नोव्हेंबरला लोक झोपेतून उठायच्या आत एक शपथविधी झाला आणि २८ नोव्हेंबरला तिसरंच सरकार आलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. प्रत्येकाची जखम वेगळ्या तारखेची. ज्याला २०१९ चा राग, त्याला २०२२ मध्ये न्याय झाल्यासारखं वाटलं, आणि ज्याला २०२२ झोंबलं, त्याला २०१९ मध्ये काही वावगं दिसलं नव्हतं. या सगळ्यांनी एकाच कागदावर सही करायची तर त्या कागदावर पक्षाचं नाव येता कामा नये, हा मुद्दा आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडला. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो.

बैठकीला दोन तरुण होते. २०१९ ला दोघे एकमेकांविरुद्ध प्रचार करत होते. एकाला मसुद्यात ‘गद्दार’ हवं होतं, दुसऱ्याला ‘पन्नास खोके’. गुरुजी म्हणाले, “खोक्यांचा पुरावा आहे का तुझ्याकडे? नसेल तर ते भाषणात बोल. इथे माणसं सही करणार आहेत.” मग ‘विश्वासघात’ आला, तोही गेला. बचत गटाचं काम करणाऱ्या एक वहिनी होत्या, त्यांचं म्हणणं होतं की कागद वाचून बाईला घरी बोलणी खावी लागतील असा एकही शब्द नको. रात्री उशिरा विषय ठरला : ‘मतदारांनी दिलेल्या कौलाचा आदर करण्याबाबत.’ मी तो टाइप केला तेव्हा दोघा तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघेही काही बोलले नाहीत. तो होकारच होता.

मागणी काय करायची हा पुढचा पेच. बहुतेकांना ‘अपात्र करा’ हेच सुचत होतं. आमच्यातल्या वकिलांनी पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, उलगडून सांगितली. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने ती आली. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून सूट मिळायची, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सूट काढली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. स्वतःहून पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते, पण निर्णय विधानसभा अध्यक्षांचा. अध्यक्षांनी असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं होतं. महाराष्ट्राबद्दलच्या ११ मे २०२३ च्या निकालातही न्यायालयाने निर्णय अध्यक्षांवरच सोपवला, वाजवी मुदतीत द्या म्हणून.

मी विचारलं, “यात आपण कुठे?” वकील म्हणाले, “आपण कुठेच नाही. आमदार पक्षाशी कसा वागला एवढंच हा कायदा बघतो. मतदाराशी कसा वागला हे बघायची त्यात सोय नाही.”

हे ऐकून मला जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. उन्हात रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून घेऊन मत आम्ही द्यायचं, आणि ते मोडलं गेलं की तक्रार करायची ती पक्षाने. मतदाराला नाव नाही, गाव नाही. म्हणून आम्ही ठरवलं की अपात्रतेचा वाद पक्षांनी भांडावा. आपण आमदारांना थेट सांगायचं : तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर जा, पण आधी राजीनामा द्या आणि पुन्हा आमच्यापुढे या.

ही मागणी हवेतली नव्हती. २०१९ मध्ये साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनी पक्ष सोडताना खासदारकीचाही राजीनामा दिला, पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्याच वर्षी कर्नाटकात राजीनामे देऊन अपात्र ठरलेल्या आमदारांच्या १५ जागांवर ५ डिसेंबरला पोटनिवडणूक झाली आणि त्यांनी ज्या पक्षाची वाट धरली त्याने १२ जिंकल्या. कर्नाटकातल्या राजीनाम्यांमागचा हेतू सरकार पाडण्याचा होता आणि ते मला मुळीच पटत नाही. पण शेवटी लोकांना विचारलं गेलं. एका ठिकाणी लोकांनी नाही म्हटलं, दुसरीकडे हो म्हटलं. आम्हाला एवढंच हवं होतं.

घाईही होती. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२४ पर्यंत. मुदत वर्षाहून कमी उरली असताना जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घेणं बंधनकारक नसतं. (निवडून येणाऱ्याला वर्षाहून कमी मुदत मिळेल, या कारणावरून मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली.) म्हणजे सह्या दिवाळीच्या आत जमवायला हव्या होत्या. शेवटी मागण्या तीन ठरल्या. मतदारांच्या खुल्या सभेत कारण सांगा. राजीनामा देऊन पुन्हा कौल घ्या. आणि तिसरी सगळ्याच पक्षांना, की पुढच्या निवडणुकीत उमेदवारांकडून तसं लेखी वचन घ्या.

सह्यांचा कागद करणं माझ्याकडे होतं, आणि त्याबाबत मी कुणाचं ऐकलं नाही. लीगल साइजच्या प्रत्येक पानावर, अगदी शेवटच्या पानावरसुद्धा, वरच्या भागात तिन्ही मागण्या पूर्ण छापल्या. कोऱ्या पानांवर सह्या घेऊन नंतर भलतंच पहिलं पान जोडलं, असा आरोप मी दुकानात बसून किती तरी निवेदनांबाबत ऐकला आहे. खाली रकाने : अनुक्रमांक, पूर्ण नाव, गाव किंवा प्रभाग, मतदार यादीचा भाग क्रमांक, सही किंवा अंगठा. आधार नाही, मतदार ओळखपत्राचा क्रमांक नाही. मोबाइल नंबर घ्यावा असं तरुणांचं फार म्हणणं होतं. तो घेतला असता तर वर्षभराने त्याच नंबरांवर कुणाचे तरी प्रचाराचे फोन सुरू झाले असते, म्हणून तो रकाना मी ठेवला नाही. आणि एक नियम सगळ्यांनी पाळायचा होता : मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तरी लिहायचं नाही.

गावं निवडायला फॉर्म २० कामाला आला. निवडणुकीनंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा हा तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. जिथे आमदारांना भरघोस मतं होती आणि जिथे ते सपाटून मागे होते, अशी दोन्ही प्रकारची केंद्रं आम्ही मुद्दाम घेतली. फक्त नाराज गावांत फिरून मोठा गठ्ठा करता आला असता, पण त्याला कुणी मतदारांचं म्हणणं मानलं नसतं.

बाजारच्या दिवशी टेबल मांडायचं तर पोलीस ठाण्यात अर्ज दिला, परवानगी मिळाली. लोक थांबायचे, वाचायचे, पुढे जायचे. पहिला प्रश्न ठरलेला, “याने काय होणार?” मी खोटी आशा दाखवली नाही. कायद्याने ते बांधील नाहीत, पण आपलं म्हणणं लेखी त्यांच्या हातात पडेल आणि त्याची पोहोच आपल्याकडे राहील, एवढंच सांगायचे. बरेच जण तेवढ्यावर सही करायचे. एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं मोठ्याने वाचून घेतलं, एक मागणी परत वाचायला लावली. मग म्हणाले, “अंगठा नको, सही येते मला. पण नाव नीट लिही पोरी, बापाच्या नावासकट.” मी लिहिलं. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि रकान्याच्या बाहेर जाईल एवढी मोठी सही केली.

ज्यांचा अंगठा, त्यांचं नाव शेजारी लिहून ‘मजकूर वाचून दाखवला, अंगठा माझ्यासमोर उठवला’ असं लिहून आमच्यापैकी एकाने सही करायची. वेळ जायचा, पण या गठ्ठ्यातलं एकही नाव कुणी खोटं म्हणू शकलं नाही.

सह्या न करणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. सरकारी नोकरांना आम्हीच थांबवत होतो, वर्तणुकीचे नियम त्यांना आडवे येतात. अंगणवाडीच्या एका ताई कागद हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत ठेवून गेल्या. एका विधवा बाईने विचारलं, “घरकुलाच्या यादीतनं नाव कापलं तर?” तसं कुणी करू शकत नाही असं मी म्हणू शकले असते, पण तिच्या घराची जोखीम माझ्या शब्दावर कशी घ्यायची? मी म्हटलं, “नका करू सही, काही बिघडत नाही.” मत गुप्त असतं, सही उघड असते. भीती वाटली म्हणून ज्यांनी सही केली नाही, त्यांना मी कमी लेखत नाही.

एक आक्षेप मात्र अगदी खरा होता आणि तो वारंवार आला, “आम्ही माणसाला मत दिलं, पक्षाला नाही. तो कुठेही जाईना का.” गुरुजी यावर मतदान यंत्राची आठवण द्यायचे. त्यावर उमेदवाराचं नाव असतं, फोटो असतो आणि चिन्ह असतं. पक्षाचं नाव नसतं. “म्हणजे तू नाव बघून बटण दाबलंस की चिन्ह बघून, ते तुलाच माहीत,” ते म्हणायचे, “आणि म्हणूनच त्यांनी तुला परत विचारायला हवं. तू माणसाला मत दिलं असशील तर परत देशील. मग पोटनिवडणुकीला भ्यायचं कशाला?” हे ऐकून आमदारांच्या पक्क्या समर्थकांनीही सह्या केल्या. आमचा माणूस परत निवडून येईलच, होऊ दे निवडणूक, असं म्हणून केल्या. त्या सह्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात.

आणि एक सही मतदान केंद्रावरच्या माणसाची. २०१९ ला तो आमदारांचा पोलिंग एजंट होता. संध्याकाळी टेबल आवरताना आला. म्हणाला, “घरोघरी चिठ्ठ्या मी वाटल्या. म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून मी आणलं. आता लोक मला अडवून विचारतात, साहेबांना कोण विचारतं?” त्याचं नाव यादीत सगळ्यांना दिसणार होतं. तो म्हणाला, दिसू दे.

गठ्ठा तयार झाला. पानांना क्रमांक टाकले, सगळ्याची एक प्रत काढून ठेवली. अर्ज कुणाकुणाला पाठवायचा यावर पुन्हा चर्चा. राज्यपालांना पाठवा असा बऱ्याच जणांचा आग्रह होता, पण पक्षांतराच्या अपात्रतेत त्यांची भूमिका नसते, तेव्हा त्यांना फक्त माहितीस्तव प्रत. विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते, पण अर्ज सभागृहात मांडायला आमदार लागतो. शेजारच्या मतदारसंघातले एक आमदार आनंदाने तयार होते. आम्ही नको म्हटलं. त्यांनी हात लावला असता तर आमचा कागद दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पक्षाचा झाला असता.

आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो तेव्हा स्वीय सहायक म्हणाले, “ठेवून जा मॅडम, साहेबांना देतो. पोहोच कशाला पाहिजे?” पोहोच दिली नाही. एवढ्या माणसांनी वाचून, विचार करून केलेल्या सह्या बिनपोहोच टेबलावर ठेवणं मला शक्य नव्हतं. आम्ही गठ्ठा उचलला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली. त्यानंतर भेटीचा निरोपही आला.

भेटीत आमदार तासभर बसले. ते चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं, “ताई, विरोधात बसलो असतो तर तुमच्या तालुक्याला काय मिळालं असतं?” याला मी वायफळ म्हणणार नाही. आमदार स्थानिक विकास निधी सगळ्यांना सारखाच असतो, पण त्यात सगळं भागत नाही. मोठी कामं येतात ती पुरवणी मागण्यांतून, ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षातून, जिल्हा नियोजन समितीतून. तिथे सत्तेत असणाऱ्याचं पान आधी वाढलं जातं, हे गावातल्या सरपंचाला विचारलं तरी सांगेल. पण मग ज्या मतदारसंघाने विरोधी पक्षाचा उमेदवार निवडला, त्याने रस्त्याचा हक्क गमावला का? निवडून आलेल्याने त्या भेदाविरुद्ध सभागृहात उभं राहायचं, की भेद करणाऱ्यांत जाऊन बसायचं? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “राजकारण तुम्ही समजता तितकं सोपं नाही.” गुरुजी म्हणाले, “मग ते अवघड राजकारण सभेत समजावून सांगा. लोक ऐकतील.”

राजीनामा त्यांनी दिला नाही. सभा मात्र घेतली, मंगल कार्यालयात. खुली म्हटली होती तरी पुढच्या रांगा कार्यकर्त्यांनी भरल्या होत्या. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून मागवले. पण वहिनी चिठ्ठी न देता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “जायच्या आधी आम्हाला का नाही विचारलं?” सभागृह शांत झालं. आमदारांनी उत्तर दिलं, “तेव्हा वेळ नव्हता.” हे त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालं, आणि तालुक्यात पुढे कित्येक आठवडे त्यावरच बोललं गेलं.

१० जानेवारी २०२४ ला शिवसेनेच्या आणि १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या अपात्रता अर्जांवर अध्यक्षांचे निर्णय आले. दोन्ही वेळा कुठल्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. आमची मागणी त्यावर अवलंबून नव्हती, त्यामुळे आम्ही थांबलो नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत तिसरी मागणी घेऊन प्रत्येक उमेदवाराच्या दारात गेलो. एका पानाचं पत्र : ‘निवडून आल्यावर पक्ष किंवा आघाडी सोडण्याची वेळ आल्यास मी प्रथम सदस्यत्वाचा राजीनामा देईन आणि पुन्हा मतदारांसमोर जाईन.’ खाली सही, तारीख. याला कायद्याचं बळ नाही हे पत्रातच लिहिलं होतं.

अपक्षांपैकी काहींनी जागेवर सही केली. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने वरून परवानगी घ्यावी लागेल असं सांगितलं, ती शेवटपर्यंत आली नाही. जो उमेदवार निवडून आला, त्याने पत्र ठेवून घेतलं आणि प्रचार संपायच्या आदल्या दिवशी परत दिलं. ‘सदस्यत्वाचा राजीनामा देईन’ यावर निळ्या पेनाने सरळ रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, ‘मतदारांना विश्वासात घेईन’. खाली व्यवस्थित सही होती. आम्ही सगळी पत्रं, न आलेल्यांच्या नावासमोर ‘दिले नाही’ असं लिहून, जशीच्या तशी छापून वाटली. ते खोडलेलं पत्रही तसंच.

निकालानंतर नव्या आमदारांना आम्ही लिहिलं, विश्वासात घेणार म्हणजे नेमकं कसं? सभा कुठे, किती दिवस आधी कळवून, आणि लोक नको म्हणाले तर तुम्ही काय कराल? पत्राची पोहोच या वेळी कार्यालयाने दिली, शिक्क्यासकट. उत्तर यायचं आहे. नगरपरिषदेच्या उमेदवारांसाठीचा मसुदा गुरुजींनी लिहून आणला, तो मी टाइप केला. मजकूर जवळपास तोच आहे. शेवटी एक ओळ वाढली आहे : मजकुरात खाडाखोड केल्यास हे पत्र दिलेले नाही असे समजले जाईल.